प्रौढ जर्बिलला लहान जोडीदार : ऐरोलीतील एका घराचा प्रकरण अभ्यास

ठाणे आणि नवी मुंबई परिसरात जर्बिल, हॅमस्टर यांसारखे लहान कृंतक (उंदरासारखे कुरतडणारे) प्राणी पाळणाऱ्या कुटुंबांना मी संगोपनात मदत करते. त्यांपैकी ऐरोलीच्या एका घराचे प्रकरण येथे सविस्तर मांडत आहे, कारण एरवी निरनिराळ्या घरांत सुटेसुटे येणारे प्रश्न या एकाच घरात एकामागून एक उभे राहिले : पिल्लाचे वय, विलगीकरणाचा काळ, पावसाळ्यातला दमटपणा आणि ऐन भेटीच्या क्षणी पिल्लाला आलेला झटका. नव्या-जुन्या जर्बिलांची ओळख किती दिवसांत होते, असे मला वारंवार विचारले जाते. माझे मत असे आहे, की येथे दिवस मोजून काही हाती लागत नाही. दुसऱ्याच्या जागेत ठेवल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत प्राणी काय करतो, तेवढे पाहावे. या प्रकरणाने ते मत अधिक पक्के केले.

भुऱ्या एकटा पडला तेव्हा

या कुटुंबात आई-वडील, आठवीत शिकणारी मुलगी आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले आजोबा अशी चार माणसे आहेत. त्यांच्याकडे दोन सख्खे भाऊ असलेले नर जर्बिल होते. मे महिन्यात त्यांपैकी एकाच्या पोटावरील गंधग्रंथीवर गाठ आली, ती वाढत गेली आणि जून सरता सरता तो गेला. मागे राहिलेला भुऱ्या तेव्हा पावणेदोन वर्षांचा होता. जर्बिल साधारणपणे तीन ते चार वर्षे जगतो, म्हणजे भुऱ्याचे जवळजवळ निम्मे आयुष्य अजून शिल्लक होते.

भाऊ गेल्यावर त्याचे वागणे बदलले. ज्या टाकीत रोज नवे बोगदे निघायचे, तिथला कागदाचा कीस जसाच्या तसा राहू लागला. तो घरट्यात न शिरता काचेला टेकून उघड्यावरच झोपू लागला, वाटीतले राळे आणि बाजरी उरू लागली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन ८८ ग्रॅमवरून ८१ ग्रॅमवर आले. प्राण्यांच्या डॉक्टरांनी त्याचे दात, छाती आणि गंधग्रंथी तपासली. आजाराचे कोणतेही लक्षण नव्हते. तेव्हा त्याला सोबत द्यावी, असे सर्वांनुमते ठरले.

पाळीव जर्बिल हा मूळचा मंगोलिया आणि उत्तर चीनमधील कोरड्या गवताळ प्रदेशातला प्राणी. तिथे तो कुटुंब करून बिळात राहतो. एक जोडी, तिच्या वेगवेगळ्या वेतांची पिल्ले आणि सर्वांचे मिळून एक धान्याचे कोठार असते, आणि कडाक्याच्या हिवाळ्यात सगळे एकमेकांना बिलगून झोपतात. कुटुंबाबाहेरचा जर्बिल हद्दीत शिरला तर मात्र त्याला हुसकावून लावले जाते. मोकळ्या माळावर हुसकावलेला प्राणी पळून जीव वाचवू शकतो. टाकीत त्याला पळायला जागाच नसते. ज्या स्वभावामुळे जर्बिलला सोबत हवी असते, त्याच स्वभावामुळे परका जर्बिल त्याला चालत नाही, आणि एका दुपारीत दोघांची गाठ घालून देऊ पाहणाऱ्यांना अनेकदा रक्त पाहावे लागते ते याचमुळे.

आपला कोण आणि परका कोण, हे जर्बिल मुख्यतः वासावरून ओळखतो. त्याच्या पोटाच्या मध्यभागी केस नसलेली, लांबट, पिवळसर-नारिंगी गंधग्रंथी असते. नरांत ती मोठी असते आणि तिची वाढ नर-संप्रेरकावर अवलंबून असते. ही ग्रंथी वस्तूंवर घासून तो आपली हद्द नोंदवतो. याशिवाय डोळ्यामागील हार्डेरियन ग्रंथीचा स्राव नाकपुड्यांपाशी येतो आणि अंग चाटताना लाळेत मिसळून अंगभर पसरतो. एकत्र राहणारे जर्बिल एकमेकांना चाटून, एकाच घरट्यात झोपून आणि एकाच वाळूत लोळून हे सारे वास एकमेकांत मिसळून टाकतात. पिल्लू वयात येईपर्यंत, म्हणजे साधारण नऊ ते बारा आठवड्यांपर्यंत, त्याची गंधग्रंथी पुरती कामाला लागलेली नसते. प्रौढ नराला त्या वासात प्रतिस्पर्धी जाणवत नाही. पाच ते आठ आठवड्यांचे नर पिल्लू प्रौढ नर बरेचदा सहज स्वीकारतो, दोन प्रौढ नरांची ओळख मात्र जिकिरीची ठरते, ते यामुळेच. प्रौढ माद्या पिल्लांच्या बाबतीतही अधिक कडक असतात, असा माझा अनुभव आहे.

पिल्लाची निवड

कुटुंबाने आधी नवी मुंबईतच चौकशी केली. एका दुकानात त्यांना जर्बिलऐवजी हॅमस्टर नेण्याचा सल्ला मिळाला. हॅमस्टर, विशेषतः सिरियन हॅमस्टर, हा एकलकोंडा प्राणी आहे. त्याला जर्बिलच्या टाकीत सोडणे म्हणजे दोघांपैकी एकाचा जीव धोक्यात घालणे. दुसऱ्या ठिकाणी जर्बिलचे पिल्लू मिळत होते आणि तो नर असल्याचे खात्रीने सांगितले जात होते. मुलीने काढलेले छायाचित्र मी पाहिले. मूत्रद्वार आणि गुदद्वार यांतील अंतर नरात मादीच्या जवळजवळ दुप्पट असते. प्रौढांत ते नराचे सुमारे १० मिलिमीटर आणि मादीचे सुमारे ५ मिलिमीटर भरते. पाच आठवड्यांच्या नरात शेपटीच्या मुळाशी वृषणांचा फुगवटाही दिसू लागलेला असतो. छायाचित्रातील पिल्लात अंतर कमी होते आणि फुगवटा अजिबात नव्हता; ती मादी होती. ती घरी आली असती तर काही आठवड्यांत वयात आली असती, आणि गर्भकाळ अवघा २४ ते २६ दिवसांचा असल्यामुळे दिवाळीपर्यंत त्या घरात दोनाचे दहा जर्बिल झाले असते. पिल्लू घरी आणण्याआधी त्याचे लिंग स्वतःच्या डोळ्यांनी तपासावे, आणि शक्य असल्यास त्याच वेतातल्या दुसऱ्या पिल्लाशेजारी धरून तुलना करावी, असा माझा आग्रह असतो.

अखेर ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील एका कुटुंबाकडे पाच पिल्लांचे वेत असल्याचे समजले. आई-बाप समोर होते, पिल्ले चार आठवड्यांची असतानाच दूध सोडून दाणे खात होती आणि नर-माद्या वेगळ्या केलेल्या होत्या. तीन नरांपैकी एक आणावा की दोन, यावर बरीच चर्चा झाली. दोन पिल्ले आणली असती तर भुऱ्यानंतर एकजण पुन्हा एकटा पडला नसता, ही त्यातली मोठी जमेची बाजू. परंतु तिघांच्या गटात, दोघे एक होऊन तिसऱ्याला बाहेर काढण्याचा धोका जोडीपेक्षा अधिक असतो, टाकी तीन फुटीच होती आणि या घराची ही पहिलीच वेळ होती. म्हणून मी एकाच्या बाजूने मत दिले. त्यांनी काळ्या रंगाचा, तिघांत सर्वांत धीट असलेला नर निवडला आणि त्याचे नाव काळू ठेवले.

विलगीकरण की वय?

नव्या प्राण्याला किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे, या नियमाला मी एरवी मुरड घालत नाही. जर्बिल टायझर रोगाला फार लवकर बळी पडतात. क्लॉस्ट्रिडियम पिलिफॉर्मे या जिवाणूमुळे होणारा हा रोग दूषित अंथरुणातून आणि अन्नातून पसरतो, त्याचे बीजाणू चिवट असतात आणि कोवळी पिल्ले थोड्या सुस्तीनंतर एकाएकी दगावतात. दुकानातून आणलेले पिल्लू, कितीही तरतरीत दिसले तरी, थेट जुन्या प्राण्याजवळ नेऊ नये, असे मी म्हणते ते यासाठीच.

परंतु हिशेब करून पाहिला की अडचण लक्षात येते. सहा आठवड्यांचे पिल्लू दोन आठवडे वेगळे ठेवले की ते आठ आठवड्यांचे होते. त्यापुढे जाळीआडच्या ओळखीचे, म्हणजे एकाच टाकीत मध्ये जाळी लावून दोघांना शेजारी ठेवण्याचे आणि त्यांच्या बाजू बदलत राहण्याचे, आठ-दहा दिवस धरले तर ते नऊ-दहा आठवड्यांवर जाते, म्हणजेच वयाने मिळालेली सवलत विलगीकरणातच खर्ची पडते. प्राणी पाळणारे बहुतेक लोक या पेचात एका टोकाला जातात. कोणी विलगीकरण पूर्णपणे टाळतात, तर कोणी नियम तंतोतंत पाळून पिल्लू वयात आल्यावर भेट घडवतात आणि मग भांडण का झाले म्हणून चक्रावतात.

या प्रकरणात आम्ही पिल्लाच्या मूळ घराचा विचार करून निर्णय घेतला. घोडबंदरच्या घरात वर्षभरात बाहेरून एकही नवा प्राणी आला नव्हता, आई-बाप आणि पाचही भावंडे डोळ्यांसमोर होती आणि कोणाचेही पोट बिघडलेले नव्हते. त्यामुळे काळूला सहाव्या आठवड्याच्या सुरुवातीला आणायचे, ऐरोलीत एक आठवडा आजोबांच्या खोलीत ठेवायचे आणि त्या काळात घोडबंदरच्या घरून उरलेल्या भावंडांची खबर रोज घ्यायची असे ठरले. भावंडांपैकी एकही सुस्त पडले असते तर विलगीकरण लांबवले असते. दुकानातल्या पिल्लासाठी मी ही सूट दिली नसती, हे मुद्दाम नोंदवते.

काळू ट्रान्स-हार्बर मार्गावरच्या लोकलने, दुपारची गर्दी ओसरलेली असताना, ठाण्याहून ऐरोलीला आला. हवेसाठी छिद्रे पाडलेल्या डब्यात त्याच्या जन्माच्या घरट्यातला मूठभर कीस आणि पाण्याऐवजी काकडीची चकती एवढेच ठेवले होते. पहिला आठवडा दोघांच्या खोल्या, भांडी आणि कीस वेगळे राहिले. हात लावायचा तो आधी भुऱ्याला, मग काळूला, आणि मध्ये साबणाने हात धुवायचे, हा क्रम मुलीने काटेकोरपणे पाळला.

जाळीचे दिवस

टाकीच्या मधोमध बसवलेली जाळी आजोबांनी स्वतः तयार केली. पाव इंची चौकोनी तारेची जाळी त्यांनी सरकत्या खिडकीच्या ॲल्युमिनियम पट्टीत घट्ट बसवली, कापलेल्या तारांची टोके कानशीने घासून गुळगुळीत केली आणि चौकट काचेला दोन्ही बाजूंनी इतकी बेमालूम भिडवली, की पोस्टकार्डही आत सरकणार नाही. हे सारे सांगण्याचे कारण आहे. ज्या फटीत पिल्लाचे डोके शिरते त्या फटीतून पिल्लू आरपार जाते, आणि जर्बिल खणत असल्यामुळे जाळी तळाच्या काचेला टेकलेली नसेल तर एका रात्रीत तिच्याखालून भुयार निघते. ओळख फसल्याच्या ज्या घटना मी पाहिल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच प्राण्यांच्या स्वभावामुळे घडल्या नव्हत्या. पुठ्ठ्याने किंवा चिकटपट्टीने कसाबसा उभा केलेला आडोसा रात्रीतून कुरतडला गेला होता. आजोबांनी टाकीच्या वरही जाळीचे झाकण घालून त्याला चिमटे लावले, कारण जर्बिलची उडी चांगली उंच असते.

कीस मुद्दाम दोनच इंच ठेवला. एरवी मी जर्बिलला आठ-दहा इंच खोल अंथरूण द्यायला सांगते, पण ओळखीच्या काळात खोल बिळे म्हणजे राखायला नवी हद्द. चाक आणि लाकडी घर काढून ठेवले. प्रत्येक भागात पाण्याची बाटली, थोडे दाणे, कुरतडायला पुठ्ठ्याच्या नळ्या आणि वाळूची एक वाटी, एवढेच सामान होते.

वाळूच्या वाटीला या प्रकरणात विशेष महत्त्व आले. जर्बिलला कोरडी हवा मानवते. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर राहिली की त्याची लव चिकट आणि विस्कटलेली दिसू लागते, हार्डेरियन स्राव नाकाभोवती साचतो आणि तिथली त्वचा लाल होते. जुलैमध्ये खाडीकाठच्या ऐरोलीत हवा दिवसेंदिवस त्याहून कितीतरी दमट असते. भुऱ्याची लव तेव्हाच तेलकट दिसू लागली होती; आणि अशा अवस्थेत लव फुललेली आहे की ओलाव्याने विस्कटली आहे हे ओळखणे कठीण जाते. लव फुलणे हे तर भांडणाचे पहिले लक्षण. म्हणून खोलीतला एसी दिवसातले काही तास ड्राय मोडवर ठेवला गेला, आणि आजोबा धुऊन चाळलेली वाळू कढईत भाजून, पूर्ण गार करून वाटीत घालू लागले. वाळू जाडसर दाण्याची असावी. भुकटीसारखी बारीक धूळ फुप्फुसात जाते. बाजू बदलताना प्राणी बदलायचे, वाटी मात्र जागची हलवायची नाही. त्यामुळे भुऱ्या लोळून गेलेल्या वाळूत थोड्या वेळाने काळू लोळत होता, आणि अंग स्वच्छ होण्याबरोबर वासांची देवाणघेवाणही होत होती.

बाजू सकाळ-संध्याकाळ बदलल्या जात. भुऱ्याला पुठ्ठ्याच्या नळीत शिरू द्यायचे आणि नळीसकट उचलायचे. शेपटीला हात लावायचा नाही, कारण जर्बिलच्या शेपटीची कातडी ओढली गेल्यास सोलून निघते आणि ती पुन्हा येत नाही. पहिल्या दिवशी काळूच्या भागात पाऊल टाकताच भुऱ्याची लव फुलली, शेपूट फटकारली गेली आणि पोट घासत घासत त्याने त्या भागातली प्रत्येक वस्तू पालथी घातली. पिल्लाचे घरटे त्याने पायांनी उसकटून चारी दिशांना उडवले आणि मग जाळीच्या खालच्या कोपऱ्यात दात लावले. काळूने मात्र पलीकडे जाऊन भुऱ्याचे उरलेले दाणे खाल्ले आणि त्याच्याच घरट्यात अंगाची गुंडाळी करून तो झोपी गेला. घरच्यांना हे पाहून हायसे वाटले. परंतु अशा वेळी पिल्लाच्या निवांतपणावर जाऊ नये. भेटीचा निर्णय नेहमी मोठ्याच्या वागण्यावरून घ्यावा, कारण इजा करण्याची ताकद त्याच्याकडे असते.

चार-पाच दिवसांनी भुऱ्याचे पोट घासणे कमी झाले. त्यानंतरच्या रविवारी दमट वास येतो म्हणून दोन्ही भागांतला कीस पूर्णपणे बदलला गेला आणि त्या संध्याकाळी भुऱ्या पुन्हा पहिल्या दिवसासारखाच वागला. त्याच्या दृष्टीने मिसळत आलेले सगळे वास पुसले गेले होते. यानंतर फक्त ओला झालेला कोपरा काढायचा आणि जुन्यातला मूठभर कीस नव्यात मिसळायचा, असे ठरले.

पुढच्या काही दिवसांत मी ज्याची वाट पाहत होते ते घडू लागले. काळूच्या भागात ठेवल्यावर भुऱ्या एकदा वास घेत फेरी मारी, वाळूत लोळे आणि पिल्लाचे घरटे न मोडता त्यातच शिरून झोपे. याच सुमारास काळूने आपले घरटे ओढत ओढत जाळीला आणून टेकवले. एका पहाटे मुलीने पाठवलेल्या छायाचित्रात दोघे जाळीच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून झोपलेले होते. आणखी दोन दिवस हेच टिकले, तेव्हा भेट घडवायला हरकत नाही असे मी कळवले.

पहिली भेट आणि झटका

पहिली भेट कुठे घडवावी, याबाबत पाळणाऱ्यांमध्ये दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत दोघांनाही अनोळखी अशा लहानशा डब्यात एकत्र सोडतात, म्हणजे जागा कोणाचीच नसते; दुसऱ्या पद्धतीत ओळखीच्या टाकीतलीच जाळी काढतात. या घरात पहिली पद्धत निवडली गेली आणि त्यासाठी एक नवा पारदर्शक प्लॅस्टिकचा टब आणला गेला.

आधी काळूला आत ठेवले. तो क्षणभर इकडेतिकडे धावला आणि एकदम थिजला. कान मागे चिकटले, मिशा आणि गाल फडफडू लागले, पुढचे पाय झटके देऊ लागले आणि अंग ताठ झाले. त्याच वेळी दुसऱ्या टोकाला सोडलेला भुऱ्या वास घेत पुढे सरकत होता. “चावला, चावला!” असे मुलीची आई ओरडली. आजोबांनी हातातला पुठ्ठा दोघांच्या मध्ये सरकवला आणि भुऱ्याला बाहेर काढले. काळूला कोणीही उचलले नाही, दिवा मंद केला आणि खोलीत शांतता ठेवली. एक-दोन मिनिटांत तो सावरला, थोडा वेळ सुन्न बसला आणि मग तोंड धुऊ लागला. अंगावर ओरखडाही नव्हता.

हा चावा नव्हता, अपस्माराचा झटका होता. मंगोलियन जर्बिलमध्ये अशी प्रवृत्ती आनुवंशिक असते. काही वंशांत ती बरीच आढळते, काहींत फारशी नसते. झटके साधारणपणे दोन महिन्यांच्या आसपास सुरू होतात आणि नवी जागा, अचानक उचलणे किंवा मोठा आवाज ही त्यांची नेहमीची निमित्ते असतात. आज जगभरच्या घरांत असलेल्या जर्बिलांचा उगम फार थोड्या प्राण्यांपर्यंत पोहोचतो. १९३५ मध्ये पूर्व मंगोलियाच्या बाजूला पकडलेल्या २० जोड्या जपानमध्ये नेण्यात आल्या, तिथे त्यांची पैदास झाली आणि १९५४ मध्ये त्यांच्या वंशातील ११ जोड्या अमेरिकेत गेल्या. पाळीव जर्बिलांची मोठी संख्या याच साखळीतून आलेली आहे. एवढ्या लहान मूळ साठ्यातून पैदास होत गेली, की एखादी आनुवंशिक प्रवृत्ती पुढच्या पिढ्यांत ठळक होणे साहजिक असते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी काळूला तपासले आणि औषधाची गरज नसल्याचे सांगितले. सौम्य झटक्यांवर सहसा उपचार करावे लागत नाहीत आणि वय वाढेल तसे ते बरेचदा कमी होतात.

घोडबंदरच्या घरी विचारणा केली तेव्हा काळूच्या बापालाही लहानपणी टाकी बदलताना असे होत असल्याचे कळले. हे त्यांनी आधी सांगितले नव्हते, कारण तो घाबरतो असाच त्यांचा समज होता. पिल्लू घेताना आई-बापाला झटके येतात का, हा प्रश्न मी आता आवर्जून विचारायला सांगते. असे पिल्लू घरात ठेवू नये यासाठी नव्हे, तर त्याची पैदास करू नये आणि भेटीची जागा त्याप्रमाणे निवडावी यासाठी.

झटका येण्याचे निमित्त भुऱ्या नव्हता, अनोळखी टब होता. त्यामुळे पुढची भेट ओळखीच्या टाकीतच व्हावी, हे उघड होते. तीन-चार दिवस काहीही न बदलता जाऊ दिले, बाजू बदलणे तेवढे चालू ठेवले आणि भुऱ्या अजूनही पिल्लाच्या घरट्यात झोपतो याची खात्री करून घेतली.

जाळी हटल्यावर

दुसऱ्या भेटीसाठी शनिवारची संध्याकाळ ठरली, कारण पुढचे दीड-दोन दिवस घरात कोणीतरी सतत असणार होते. दोन्ही भागांतला कीस एकत्र कालवला आणि जाळी मधून काढून एका टोकाला अशी उभी केली, की दोघांना जेमतेम दोन फूट जागा मिळावी. जागा मोठी असली की पाठलागाला वेग येतो. लपायचे कोपरेही ठेवले नाहीत, कारण एकाच तोंडाचे घर असेल तर त्यात शिरलेला कोंडला जातो. आईने जाड हातमोजे घातले आणि आजोबांनी पुठ्ठा जवळ ठेवला. भांडणारे जर्बिल उघड्या हातांनी सोडवू गेले तर चावा खोल जातो.

भुऱ्या सरळ काळूकडे गेला आणि त्याने शेपटीच्या मुळापासून मानेपर्यंत वास घेतला. काळू जमिनीला चिकटला, बारीक चिवचिवला आणि सरपटत भुऱ्याच्या हनुवटीखाली डोके घालून डोळे मिटून थांबला. पिल्लाचे हे वागणे फार महत्त्वाचे असते; मला चाट, असे ते मोठ्याला सांगत असते. भुऱ्या काही क्षण स्तब्ध राहिला. मग त्याने काळूच्या कानामागे दोन-तीनदा जीभ फिरवली, पुढच्या पायांनी त्याचे डोके दाबून धरले आणि कान, गाल, मान असे नेटाने चाटायला सुरुवात केली. काळूची लव ओली होऊन उभी राहिली. “नातवाला न्हाऊ घालतोय जणू,” असे आजोबा म्हणाले.

यानंतरचे काही तास मात्र सरळ गेले नाहीत. भुऱ्या मधूनच काळूच्या मागे धावे, त्याच्या पाठीवर चढे, काळू चिवचिवाट करी आणि दोघे पुन्हा वेगळे होत. घरच्यांनी मला दोनदा फोन केला. पाठलाग, चढणे आणि चिवचिवाट यांनी घाबरू नये, कारण वरचढ कोण हे त्यातूनच ठरते. पिल्लू खाली पडून राहिले आणि मोठा दूर झाला, तर सारे ठीक आहे. लव फुलवून, पाठीला कुबड काढून एकाने दुसऱ्याकडे तिरके सरकणे, शेपूट सतत फटकारणे, दात वाजवणे, ही लक्षणे दिसली तर पुठ्ठा हातात घ्यावा. आणि दोघे एकमेकांत गुरफटून चेंडूसारखे लोळू लागले तर क्षणाचाही विलंब न लावता त्यांना वेगळे करावे. शेपटीचे मूळ, पाठीचा मागचा भाग आणि गळा येथे चावे बसतात. रक्त आले तर ती भेट संपली असे समजावे आणि पुन्हा जाळीपासून सुरुवात करावी. येथे तसे काही घडले नाही. रात्री उशिरा दोघे एकाच घरट्यात, काळू खाली आणि भुऱ्या वर, असे झोपले. घरच्यांनी आळीपाळीने जागून ती रात्र आणि पुढचा दिवस लक्ष ठेवले, आणि जागेपणी होणारे पाठलाग दुसऱ्या दिवशी थांबले.

पुढच्या दोन महिन्यांत

जागा हळूहळू वाढवली. आठवड्यानंतर जाळी पूर्ण काढली, मग किसाची खोली थोडी थोडी वाढवली, त्यानंतर दोन तोंडांचे घर आणि सर्वांत शेवटी चाक ठेवले. दाणे वाटीत न देता किसावर विखरून दिले जाऊ लागले, म्हणजे वाटी राखण्याचा प्रश्न उरत नाही आणि दोघांना शोधाशोधीचे काम मिळते. भुऱ्या पुन्हा खणू लागला. काळू दहा-अकरा आठवड्यांचा असताना त्याच्या पोटावरची ग्रंथी स्पष्ट दिसू लागली आणि त्याच सुमारास चार-पाच दिवस दोघांत मागच्या पायांवर उभे राहून ढकलाढकली झाली. चाक काढून आणि जागा निम्मी करून ते निभावले. झोप एकाच घरट्यात चालू होती, म्हणून वेगळे करण्याची गरज वाटली नाही. हा टप्पा ओलांडेपर्यंत ओळख पूर्ण झाली असे मी धरत नाही.

गणेशोत्सवाच्या आधी टाकी रस्त्याकडच्या खोलीतून आतल्या खोलीत हलवली होती, कारण ढोल-ताशांचा आवाज झटक्याला निमित्त ठरू शकला असता. विसर्जनाच्या रात्री दोघांनीही पाय आपटून इशारा दिला, मग घरट्यात शिरून तोंडाशी कीस लोटून घेतला. काळूला झटका आला नाही. सप्टेंबरअखेर भुऱ्याचे वजन ८७ ग्रॅम आणि काळूचे ७२ ग्रॅम होते.

काळूचे दोन भाऊ अजून घोडबंदरलाच असल्याने त्यांपैकी एकाला आणावे का, असे मुलीने मला विचारले. मी नको म्हणाले. ते दोघे आता वयात आले आहेत, एकमेकांबरोबर सुखाने राहत आहेत आणि त्यांच्यातला एक काढणे म्हणजे दोन्ही घरांतल्या जोड्या मोडण्याचा धोका पत्करणे. भुऱ्या आणखी वर्षभराने थकू लागेल तेव्हा काळू दीड वर्षाचाही नसेल, आणि त्या वेळी एकाऐवजी दोन नर पिल्ले, झटक्यांचा इतिहास नसलेल्या घरातून, शक्यतो पावसाळा टाळून आणायची असे ठरले आहे. आजोबांनी जाळीची चौकट पुसून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे. एकत्र राहणाऱ्या जोडीतही कधी बिनसले तर ती त्याच दिवशी लागेल, असे मी त्यांना सांगितले होते.